हायड्रोजन साठवणीचे आकडे पूर्ण छापावेत

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

केंद्रीय मंत्रिमंडळाने जानेवारी २०२३ मध्ये १९,७४४ कोटी रुपयांच्या राष्ट्रीय हरित हायड्रोजन अभियानाला मंजुरी दिली आणि त्याच वर्षी महाराष्ट्र शासनानेही आपले स्वतंत्र हरित हायड्रोजन धोरण जाहीर केले. तेव्हापासून मराठी वृत्तपत्रांत हायड्रोजनच्या बातम्या वरचेवर वाचायला मिळतात, ही समाधानाची गोष्ट आहे. मात्र या बातम्यांचा सारा भर वर्षाला किती लाख टन हायड्रोजन तयार होणार यावर असतो. तयार झालेला वायू ठेवायचा कशात, याचा उल्लेख क्वचित येतो, आणि आला तर ‘अमुक मिश्रधातूच्या नॅनोकणांत वजनाच्या सात टक्के हायड्रोजन साठवण्यात यश’ अशा एका ओळीत संपतो. सांगली आणि सातारा जिल्ह्यांतील महाविद्यालयांत नॅनोकणांवर, म्हणजे मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाहूनही बारीक कणांवर, प्रकल्प करू इच्छिणाऱ्या मुलामुलींची संख्या मोठी आहे. रसायनशास्त्र शिकवण्यात आयुष्य गेलेला एक शिक्षक म्हणून मला असे वाटते की, ही एक ओळ त्यांना भलत्याच शर्यतीत ओढते आहे. मोटारीत बसेल असा हलका मिश्रधातू शोधण्यामागे न लागता, एका जागी स्थिर राहणाऱ्या लहान साठ्यासाठी स्वस्त मिश्रधातू नीट तयार करण्याचे काम आपल्या भागाने हाती घ्यावे, असे माझे म्हणणे आहे, आणि त्याची कारणे थोड्या विस्ताराने मांडण्याची परवानगी असावी.

हायड्रोजनची अडचण त्याच्या हलकेपणात आहे. एक किलो हायड्रोजनमध्ये सुमारे ३३ युनिट ऊर्जा असते, म्हणजे तेवढ्याच वजनाच्या पेट्रोलच्या जवळजवळ तिप्पट. पण साध्या दाबाला हाच एक किलो वायू ११ घनमीटरांहून अधिक जागा व्यापतो. कोविडच्या काळात ऑक्सिजनचे जे उंच पोलादी सिलिंडर मिरज-सांगलीतल्या प्रत्येक रुग्णालयाच्या दारात दिसत होते, त्याच आकाराच्या सिलिंडरमध्ये १५० बार दाबाने (एक बार म्हणजे साधारण आपल्या भोवतालच्या हवेचा दाब) हायड्रोजन भरला, तर तो जेमतेम अर्धा किलो मावतो आणि सिलिंडरचे स्वतःचे वजन पन्नास किलोंच्या वर जाते. याचा अर्थ, आज ट्रकमधून जी वाहतूक होते तिच्यात वजनाचा सुमारे एक टक्का हायड्रोजन आणि बाकीचे सारे पोलाद असते. मोटारींसाठी कार्बन तंतूंच्या टाक्या वापरून ७०० बारपर्यंत दाब नेतात आणि तिथे हे प्रमाण पाच-सहा टक्क्यांपर्यंत पोहोचते, पण त्या टाक्या महाग असतात. वायूचा द्रव करायचा तर उणे २५३ अंश सेल्सिअसपर्यंत जावे लागते आणि हायड्रोजनमधील ऊर्जेच्या जवळपास एक तृतीयांश ऊर्जा त्या थंड करण्यातच खर्ची पडते.

म्हणून धातूंकडे लक्ष जाते. पॅलेडियम हा धातू स्वतःच्या आकारमानाच्या कित्येक शे पट हायड्रोजन शोषून घेतो, हे टॉमस ग्रॅहॅम यांनी १८६६ मध्ये दाखवले होते. हायड्रोजनचा रेणू धातूच्या पृष्ठभागावर फुटतो, त्याचे सुटे अणू आत शिरतात आणि धातूच्या अणूंमधल्या मोकळ्या जागांत जाऊन बसतात. तयार होणाऱ्या संयुगाला हायड्राइड म्हणतात. पॅलेडियम सोन्याच्या पंक्तीतला धातू असल्यामुळे त्याचा साठा कोणाला परवडणार नव्हता. पुढे १९७० च्या सुमारास नेदरलँड्समधील फिलिप्सच्या प्रयोगशाळेत लॅन्थॅनम आणि निकेल यांचा मिश्रधातू, तर १९७४ मध्ये अमेरिकेतील ब्रुकहेव्हन येथे लोखंड आणि टायटॅनियम यांचा मिश्रधातू हेच काम साध्या तापमानाला करतो, असे दिसून आले. यातल्या पहिल्याच्या भाऊबंदांवर निकेल-मेटल हायड्राइड जातीचे पुन्हा चार्ज होणारे सेल चालतात, त्यामुळे वाचकांपैकी अनेकांच्या घरात कॅमेऱ्यात किंवा खेळण्यात हायड्रोजन साठवणारा मिश्रधातू आधीच येऊन बसलेला असेल. जागेच्या हिशेबाने ही साठवण विलक्षण आहे. एक लिटर द्रवरूप हायड्रोजनमध्ये ७१ ग्रॅम हायड्रोजन असतो. एक लिटर मॅग्नेशियम हायड्राइडमध्ये तो सुमारे ११० ग्रॅम असतो, आणि तोही घन रूपात, दाबाशिवाय.

वजनाच्या हिशेबाने मात्र चित्र बदलते. लॅन्थॅनम-निकेलमध्ये वजनाच्या सुमारे १.४ टक्के, लोखंड-टायटॅनियममध्ये १.८ टक्क्यांच्या आसपास आणि शुद्ध मॅग्नेशियममध्ये ७.६ टक्के हायड्रोजन मावतो. बातम्यांतले ‘सात टक्के’ येतात ते बहुधा मॅग्नेशियमकडून. आकडा खरा असतो. पण मॅग्नेशियम हायड्रोजनला इतके घट्ट धरून ठेवते की तो साध्या दाबाला परत सुटण्यासाठी जवळजवळ २८० ते ३०० अंश तापमान लागते, आणि एक किलो हायड्रोजन सोडवायला सुमारे १० युनिट उष्णता द्यावी लागते. ज्या किलोत ३३ युनिट ऊर्जा आहे, त्यातली १० युनिट तो बाहेर काढण्यासाठीच गेली, तर सात टक्क्यांचे कौतुक किती करायचे? लोखंड-टायटॅनियमला हाच खर्च चार युनिटांच्या आसपास येतो, आणि तो बंबातल्या पाण्याइतक्या उष्णतेने भागतो.

इथे नॅनोकणांचा मुद्दा येतो आणि माझ्या मते सर्वाधिक गोंधळ इथेच होतो. कण बारीक केल्याने काय साधते आणि मिश्रधातू केल्याने काय साधते, या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. मॅग्नेशियमचा जाड कण हायड्रोजनमध्ये ठेवला की त्याच्या बाहेरच्या अंगाला हायड्राइडचा थर तयार होतो, आणि त्या थरातून हायड्रोजन फार हळू सरकत असल्यामुळे आतला धातू तसाच राहतो. जाड थापलेली भाकरी वरून करपते आणि आत कच्ची राहते, तसा हा प्रकार आहे. कण काही दशक नॅनोमीटरचा (नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग) केला की आतपर्यंतचे अंतर कमी होते, पृष्ठभाग वाढतो आणि जे काम व्हायला तास लागत होते ते मिनिटांत होते. त्यात निकेलसारख्या धातूचे किंवा नायोबियम ऑक्साइडचे थोडे कण मिसळले की हायड्रोजनचा रेणू फुटणे आणखी सोपे होते. परंतु हा सारा फायदा वेगाचा आहे. हायड्रोजन किती घट्ट धरला जातो, ही गोष्ट कण अगदी एक-दोन नॅनोमीटरपर्यंत लहान केल्याशिवाय फारशी बदलत नाही. ती बदलायची तर धातूची जातच बदलावी लागते, म्हणजे मिश्रधातू करावा लागतो. मॅग्नेशियममध्ये निकेल मिसळले की तापमान सुमारे २५० अंशांवर येते खरे, पण साठवण ७.६ टक्क्यांवरून ३.६ टक्क्यांवर घसरते. ‘नॅनो केले म्हणून साध्या तापमानाला सात टक्के’ असे सुचवणारी बातमी वाचली की मी तरी आधी तापमानाचा आकडा शोधतो.

तयार करण्याच्या पद्धतींबद्दलही थोडे स्पष्ट लिहिणे आवश्यक आहे. आपल्याकडे तुळशीच्या किंवा कडुनिंबाच्या पानांच्या अर्कात चांदीचे नॅनोकण करण्याचा प्रयोग इतका लोकप्रिय झाला आहे की, कोणताही धातू पाण्यात आणि पानांच्या रसात नॅनो होतो, असा समज विद्यार्थ्यांमध्ये पसरलेला दिसतो. चांदी, सोने, पॅलेडियम हे धातू आपल्या क्षारांतून सहज मोकळे होतात. निकेल आणि कोबाल्ट यांना सोडियम बोरोहायड्राइडसारखे जोरकस रसायन लागते आणि त्यातही बोरॉन कणांत मिसळून राहतो. मॅग्नेशियम आणि टायटॅनियम या मार्गाने मिळतच नाहीत, कारण पाण्यातून त्यांचा धातू होण्याआधी पाण्याचाच हायड्रोजन होतो. त्यामुळे हायड्रोजन साठवणीसाठी उपयोगी पडणाऱ्या मिश्रधातूंना दुसरी वाट धरावी लागते. आधी व्हॅक्यूममध्ये किंवा आर्गॉन या निष्क्रिय वायूत धातू वितळवून मिश्रधातूचा गोळा करायचा, आणि मग तो बॉल मिलमध्ये, म्हणजे कठीण पोलादी गोळ्या भरलेल्या फिरत्या भांड्यात, कित्येक तास दळायचा. कधी वितळवण्याची पायरी गाळून दोन्ही धातूंच्या भुकट्या एकत्र दळूनच मिश्रधातू करतात. दळण जास्त झाले की गोळ्यांचे लोखंड भुकटीत उतरते, हवा शिरली की पृष्ठभागावर ऑक्साइड धरतो, आणि भुकटी भांड्याला चिकटून बसली की निम्मा माल खरवडूनच काढावा लागतो. दळताना आर्गॉन हवाच, आणि भांडे उघडायचे तेही आर्गॉन भरलेल्या ग्लोव्ह बॉक्समध्ये, म्हणजे बाहेरून हातमोज्यांत हात घालून काम करायच्या बंद पेटीत. कारण ताजी बारीक भुकटी हवेत आपोआप पेट घेऊ शकते. मॅग्नेशियमच्या आगीवर पाणी टाकले तर त्यातून हायड्रोजन सुटतो आणि कार्बन डायऑक्साइडचे नळकांडेही तिथे चालत नाही, कोरडी वाळू किंवा धातूंच्या आगीसाठीची खास पूड लागते. ज्या प्रयोगशाळेत ही व्यवस्था नाही तिथे हा प्रकल्प विद्यार्थ्यांना देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

आता मोजमापाविषयी. क्ष-किरणांच्या आलेखातील शिखराच्या रुंदीवरून ‘२० नॅनोमीटर’ असा जो आकडा बहुतेक प्रकल्प अहवालांत लिहिला जातो, तो स्फटिकाच्या एका कप्प्याचा आकार असतो. बॉल मिलमधून निघालेल्या भुकटीचा प्रत्यक्ष कण त्याच्या कित्येक पट, अगदी काही मायक्रॉनचाही असू शकतो आणि त्याच्या पोटात असे असंख्य कप्पे असतात. साठवणीच्या दृष्टीने हे वाईट नाही, कारण कप्प्यांच्या सीमांवरून हायड्रोजन वेगाने सरकतो. पण त्याला सुटा नॅनोकण म्हणून मिरवणे बरोबर नाही. शोषलेला हायड्रोजन मोजण्याची नेहमीची रीत अशी की, ठरलेल्या घनफळाच्या बंद भांड्यातील दाब किती उतरला यावरून किती वायू धातूत गेला हे काढायचे. नमुना अर्ध्या ग्रॅमचा असेल आणि एखाद्या जोडातून सूक्ष्म गळती असेल, तर गळालेला वायू शोषलेला म्हणून जमा होतो. १९९८ मध्ये ग्रॅफाइटच्या नॅनोतंतूंत वजनाच्या साठ टक्क्यांहून अधिक हायड्रोजन मावतो, असा दावा एका नामांकित नियतकालिकात प्रसिद्ध झाला होता. जगभरच्या प्रयोगशाळांनी तो पडताळून पाहिला. कोणालाही तसा निकाल मिळाला नाही. त्या एका आकड्यामागे किती संशोधकांची वर्षे गेली असतील याची कल्पना केली, तरी मोजमापाची शिस्त किती महत्त्वाची आहे ते समजते.

याखेरीज बातमीतली टक्केवारी केवळ भुकटीची असते. भुकटीभोवती टाकी लागते, टाकीत उष्णता नेणाऱ्या-आणणाऱ्या नळ्या लागतात, गाळणी लागते आणि भुकटी फुगते तेव्हा तिला मोकळी जागा लागते. लॅन्थॅनम-निकेल हायड्रोजन घेताना आकारमानाने सुमारे २५ टक्के फुगतो, मॅग्नेशियम त्याहून थोडा जास्त. या फुगण्या-आकसण्यामुळे मिश्रधातूचे खडे आपोआप फुटून त्यांची बारीक पूड होते, ती तळाशी जाऊन घट्ट बसते आणि पुढच्या भरणीत टाकीच्या भिंतीवर जोर देते. हे सगळे धरले की भुकटीचे सात टक्के टाकीसकट निम्म्यावर येणे सहज शक्य असते. अमेरिकेच्या ऊर्जा विभागाने मोटारींसाठी ठेवलेले ५.५ टक्क्यांचे लक्ष्य संपूर्ण टाकीचे आहे, ही गोष्ट त्या लक्ष्याचा दाखला देणारे पुष्कळदा विसरतात.

मोटारीत वजन हा शत्रू आहे, हे मान्य. पण जिथे टाकी हलवायचीच नाही तिथे वजनाचे काय? जर्मनीच्या २१२ जातीच्या पाणबुड्यांत हायड्रोजन धातूंच्या हायड्राइडमध्येच साठवलेला असतो, कारण पाणबुडीला तळाशी वजन हवेच असते. आपल्याकडे काशी हिंदू विद्यापीठात प्रा. ओंकारनाथ श्रीवास्तव यांनी हायड्राइडच्या टाकीवर मोटारसायकली चालवून दाखवल्या होत्या, आणि ते काम आदरणीय आहेच. मात्र दुचाकीपेक्षा कारखान्याच्या आवारातला कोपरा या मिश्रधातूंना अधिक मानवतो. हिशेब करून पाहू. लोखंड-टायटॅनियमपासून व्यवहारात दीड टक्का हायड्रोजन परत मिळतो असे धरले, तर १० किलो हायड्रोजनसाठी पावणेसातशे किलो मिश्रधातू लागतो. भुकटीतील पोकळी धरूनही त्याला २०० लिटरच्या एका पिंपाएवढी जागा पुरते, आणि आतला दाब काही बारांच्या पुढे नेण्याची गरज राहत नाही. तेवढाच वायू सिलिंडरमधून आणायचा तर १५० बारचे वीसच्या आसपास सिलिंडर उभे करावे लागतील.

पवनचक्क्यांच्या संदर्भात मात्र अतिउत्साह टाळायला हवा. पाटण तालुक्यातील वनकुसवडे पठार, चाळकेवाडी आणि कवठेमहांकाळकडचे ढालगाव येथील चक्क्या पावसाळ्यात जोरात फिरतात, तेव्हा ती वीज हायड्रोजनच्या रूपाने साठवून उन्हाळ्यात वापरावी, अशी सूचना वरवर आकर्षक वाटते. एक मेगावॅटची चक्की पूर्ण क्षमतेने चार दिवस चालली तर सुमारे ९६ हजार युनिट वीज होते, त्यापासून सुमारे १,८०० किलो हायड्रोजन मिळतो, आणि तो साठवायला १२० टन मिश्रधातू लागेल. एका चक्कीच्या चार दिवसांसाठी! शिवाय विजेपासून हायड्रोजन आणि हायड्रोजनपासून पुन्हा वीज करताना मूळ विजेचा जेमतेम एक तृतीयांश भाग हाती उरतो. रात्रीपुरती वीज साठवायची तर बॅटरी बरी, आणि मोठ्या प्रमाणावर साठवायची तर पाणी उंचावर चढवून ठेवणे बरे. हायड्राइडचा साठा शोभतो तो जिथे हायड्रोजन वायू म्हणूनच लागतो तिथे: वनस्पती तुपाच्या कारखान्यात, धातूच्या भागांना हायड्रोजनच्या वातावरणात तापवणाऱ्या भट्टीजवळ, प्रयोगशाळांत. अशा ठिकाणी दिवसा सौरविजेवर हायड्रोजन करून ठेवला आणि गरजेप्रमाणे वापरला, तर सिलिंडरची ने-आण आणि उच्च दाबाचा धोका दोन्ही कमी होतात.

आणि हे काम आपल्या भागाच्या अंगवळणी पडलेले आहे. १९१० पासूनची किर्लोस्करवाडी पलूस तालुक्यात आहे. कुपवाड, मिरज आणि सातारा येथील औद्योगिक वसाहतींत धातूचे काम कळणारी माणसे आहेत. सांगलीत १९४७ पासूनचे वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालय आहे आणि जवळच कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठात नॅनोविज्ञान शिकवले जाते. इंडक्शन भट्टी म्हणजे काय, हे येथील फाउंड्रीवाल्यांना प्राध्यापकांनी सांगायची गरज नाही. टायटॅनियम उघड्या भट्टीत वितळवता येत नाही, तो हवेतला ऑक्सिजन आणि नायट्रोजन ओढून घेतो आणि भट्टीच्या अस्तरालाही खातो, ही खरी अडचण आहे. ती व्हॅक्यूम किंवा आर्गॉनच्या बंदोबस्ताने सुटते. लोखंड-टायटॅनियमची दुसरी अडचण अशी की, ताजा मिश्रधातू पहिल्यांदा हायड्रोजन घ्यायला तयार होत नाही. त्याला सुमारे ४०० अंशांपर्यंत तापवून आणि दाबाखाली हायड्रोजन देऊन जागे करावे लागते. लोखंडाचा काही भाग काढून तिथे मँगनीज घातले, किंवा मिश्रधातू बॉल मिलमध्ये दळून त्याचे स्फटिक नॅनो आकाराचे केले, तर हे जागे करणे पुष्कळ सोपे होते. नॅनोकणांचे तंत्र या मिश्रधातूत खऱ्या उपयोगाला येते ते इथे. ओलसर किंवा अशुद्ध हायड्रोजनने तो किती लवकर निकामी होतो, आपल्या बाजारात मिळणाऱ्या फेरोटायटॅनियमपासून, म्हणजे पोलाद करताना वापरतात त्या लोखंड-टायटॅनियमच्या कच्च्या मालापासून, तो करता येईल का, मँगनीजचे प्रमाण किती ठेवावे, हे प्रश्न एखाद्या एम.एस्सी. किंवा एम.टेक.च्या विद्यार्थ्याने दोन वर्षांत हाताळावेत अशा आकाराचे आहेत, आणि त्यांची उत्तरे कारखानदारालाही हवी आहेत.

आपणाकडे विनंती एवढीच की, यापुढे हायड्रोजन साठवणाऱ्या एखाद्या नव्या मिश्रधातूची बातमी आली, तर वार्ताहराने टक्केवारीबरोबर आणखी काही गोष्टी विचारून छापाव्यात. ती टक्केवारी भुकटीची की पूर्ण टाकीची? हायड्रोजन कोणत्या तापमानाला आणि किती दाबाला सुटतो? भरणे आणि रिकामे करणे किती वेळा करून पाहिले, आणि शेवटच्या वेळी किती हायड्रोजन मिळाला? एका वेळी किती ग्रॅम मिश्रधातू तयार केला? ३०० अंशांवर पुन्हा पुन्हा तापवले की नॅनोकण एकमेकांना चिकटून मोठे होतात आणि मिळवलेला वेग हातचा जातो, म्हणून भरणीच्या संख्येचा प्रश्न मी विशेष आग्रहाने मांडतो. महाविद्यालयांतील मार्गदर्शकांनीही प्रबंध स्वीकारण्यापूर्वी विद्यार्थ्यांना हेच प्रश्न विचारावेत.

आपला विश्वासू,
रसायनशास्त्राचा एक निवृत्त प्राध्यापक,
विश्रामबाग, सांगली